बिननावाची बांदी

या पाळेवर उभं राहिलं की कवठाबोडीची सगळी शेती एका नजरेत येते. पाळ म्हणजे तलावाचा बांध, आणि बांदी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे लहान बांध, घातलेलं धानाचं शेत. हे दोन शब्द धरून ठेवा, बाकीचं मी सांगतो. समोर बघा. पाणी सोडायच्या मोरीपासून पाट निघतो, शंभरावर बांद्यांना शिवत खाली उतरतो आणि पळसांच्या त्या रांगेपाशी संपतो. तिथं अगदी शेपटाला एक लहानशी बांदी आहे. तिची माती इतरांपेक्षा काळी दिसते ना? तीच. पाण्यापासून सगळ्यांत लांब, आणि दर वर्षी पहिलं पाणी तिलाच. वाटेतल्या सगळ्या बांद्यांची तोंडं बंद ठेवून पाणी आधी तिथं न्यायचं, मग मागं येत येत बाकीच्यांना द्यायचं.

आल्यागेल्याला हे उलटं वाटतं. गेल्या वर्षी एक इंजिनिअर आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, काका, जवळच्या शेताला आधी दिलं तर सोयीचं पडेल. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांना बरं वाटलं. पाणी मात्र आम्ही तसंच सोडलं.

मी लटारी मुंगमोडे. एकतीस वर्षं या तलावाचा पाणकर होतो. कुणाच्या बांदीत पाणी कधी जायचं आणि किती वेळ राहायचं, ते पाहणं हे पाणकराचं काम. आता गुडघे ऐकत नाहीत, पण हस्त नक्षत्रात सोडायच्या पाण्याला अजून मलाच बोलावतात, कारण आवाज शाबूत आहे. आमच्याकडं पाणी हाकेवर चालतं. पाणकर बांदीच्या तोंडाशी उभा राहून धन्याच्या नावानं हाक मारतो. धनी शिवारात कुठंही असो, तो 'हो' म्हणतो, आणि मगच तोंड उघडतं. हाक नाही तर पाणी नाही. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहेत, पण हाक गेली नाही. साऱ्या शिवारानं कानांनी ऐकलेली गोष्ट उद्या कुणाला नाकारता येत नाही, हा तिचा फायदा.

त्या शेपटाच्या बांदीपाशी मात्र मी कधी कुणाच्या नावानं हाक मारली नाही. माझ्या आधीच्या पाणकरानंही मारली नाही. हाक मारायला नाव लागतं, आणि त्या बांदीला नाव नाही. ते का, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. बसा या दगडावर. फक्त हातातल्या काठीनं पाळ उकरू नका. मी काही बोलणार नाही, पण गावातल्या दुसऱ्या कुणी पाहिलं तर बोलेल.

हा तलाव भिवा कोहळ्यानं बांधला असं सांगतात. कधी, ते विचारू नका. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांना विचारलं होतं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्या जातीची माणसं, दोन टेकड्यांमध्ये उतार दिसला की आमचे हात शिवशिवतात. भिवानं ही जागा पाहिली, सात उन्हाळे माती वाहिली आणि आठव्या पावसाळ्यात पाणी अडलं. त्या वर्षी धान इतकं आलं म्हणे, की ठेवायला ढोल्या पुरेनात. ढोल्या करायला माती लागते. चांगली तुडवलेली, चिकट माती कुठं होती? पाळेवर. कुणी ढोलीसाठी एक टोपली नेली, कुणी चुलीसाठी, कुणी भिंत लिंपायला. सगळ्यांनी थोडी थोडीच नेली. पुढच्या भाद्रपदात पाळ बरोबर त्याच जागी फुटली. चाळीस बांद्या वाहून गेल्या, आणि दोन माणसंही गेली असं सांगतात.

भिवानं पाळ पुन्हा घातली, पण आधी गावाला शपथ घातली. घरटी एकेक माणूस ओंजळीत धान घेऊन मोरीपाशी उभा राहिला. तलावाची माती, पाळेची असो की पोटातली, कुणी उचलायची नाही. जो उचलेल त्याचं नाव गाव टाकेल. पाणकर त्याला हाक मारणार नाही, म्हणजे पाणी नाही. कुणी त्याच्याशी बोलणार नाही, लग्नाला बोलावणार नाही, मेल्यावर खांदा द्यायला जाणार नाही. पोटातली माती शपथेत कशाला घातली, असं तुम्ही विचाराल. भिवा माणसं ओळखून होता. पोटातून आणली असं सांगून लोकांनी पाळच उकरली असती.

शपथ चांगली होती. पाळ टिकली, पिढ्या त्यावर जगल्या. पण गाव वाढलं तशी माणसं टेकड्यांवर चढली आणि झाडं तोडून तिथं कोदोसारखं भरड धान्य पेरू लागली. उघड्या उतारावरची माती दर पावसाळ्यात निघायची आणि थेट तलावात येऊन बसायची. वरून पाहिलं तर तलाव तेवढाच. भिवाच्या काळी जिथं हत्ती बुडेल एवढं पाणी होतं म्हणतात, तिथं आता बगळे उभे राहू लागले. खाली बांद्यांतली माती पांढुरकी पडत चालली, कारण दर वर्षी धान घ्यायचं आणि परत काही टाकायचं नाही. टेकडी उपाशी, बांदी उपाशी, आणि दोघींचं अन्न मधे तलावाच्या पोटात पडून. हे सगळ्यांना दिसत होतं, पण हात लावायची कुणाची छाती नव्हती. काही जण त्याला भीती म्हणतात, मी त्याला भिवाचा मान म्हणतो. दोन्ही खरं असेल.

आडकू पाटील गावचा पाटील होता तेव्हा गोष्ट टोकाला गेली. पूर्वी हस्त कोरडा गेला तरी तलाव महिनाभर पाणी पुरवायचा. आता तो आठ दिवसांत आटू लागला. आठ दिवसांत पाणी जेमतेम अर्ध्या शिवारापर्यंत जायचं. खालच्या बांद्यांत नेमकी लोंब धरायच्या वेळी जमीन फाटायची आणि धान पोचट व्हायचं. शेपटाची बांदी होती कवडूची. कवडू साधा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. आई ठगूबाई, तिच्या जिभेला हाड नव्हतं. आणि घरातली तिसरी ती कवडूची बायको, जिची ही गोष्ट.

ती वैनगंगेपलीकडून सून म्हणून आली होती. तिच्या माहेरी दर वैशाखात तलावाचा गाळ काढून बांद्यांत टाकायची रीत होती. आल्या दिवसापासून ती हे सांगायची, आणि दर वेळी ठगूबाई म्हणायची, "तुह्या माहेरचं पुरान इथं नको लावू." सासवा हे म्हणतातच, त्यात नवल नाही. पण घरात हसायला एक विषय झाला. कुठं काही सांडलं, बिघडलं, की ठगूबाई विचारायची, यावर तुह्या माहेरी काय करतेत?

लागोपाठ तिसऱ्या वर्षी शेपटाला पाणी पोचलं नाही. कवडूनं पोचट धान कापून बैलांपुढं टाकलं आणि गाव सोडायची भाषा बोलू लागला. खालच्या आणखी सहा-सात घरांत तेच बोलणं चाललं होतं. तेव्हा ती एकटी पाटलाच्या ओसरीवर गेली. पदर डोक्यावर, नजर खाली, पण बोलणं सरळ.

"पाटील, तलावाचं पोट गाळानं भरलं हाय," ती म्हणाली. "गाळ काढाले सांगा. पानी बी ठरन, आन् गाळ बांदीत टाकला तं धान बी होईन."

आडकू पाटील वाईट माणूस नव्हता. "तू म्हनतेस ते मले समजते," तो म्हणाला. "पन शपथ हाय, बाई. आज पोटातली मोकळी केली तं उद्या लोकं पाळ उकरतीन. फुटली तं कोन देईन जबाब?"

"मंग शपथ मोडनाऱ्याचं नाव टाकता, तेवढंच ना?"

"तेवढंच म्हंजे थोडं हाय का?"

"नाई. लय हाय," ती म्हणाली. "पन एकटीचं टाकसान, का घराचं?"

पाटलानं शपथ आठवून पाहिली. भिवाच्या शपथेत घराचं नाव नव्हतं, जो उचलेल त्याचं होतं. "एकटीचं," तो म्हणाला.

"मंग घर वाचलं," असं म्हणून ती उठली.

घरी जाऊन तिनं कवडूकडून शेपटाची बांदी मागून घेतली. वरच्या दोन बांद्या घराला ठेव, ही माझी, हिला आता पाण्याची हाक मिळणार नाही. कवडूनं पुष्कळ समजावलं. ठगूबाई म्हणाली, जाऊ दे, चार दिवसांत येईल परत. पण नाव टाकलेल्याला परत येता येत नाही, हे ठगूबाईलाही माहीत होतं. राग आला की माणूस असं बोलतं.

चोरून करायचं असतं तर तिला सोपं होतं. तलाव आटलेला, शिवार सुनं. तिनं अक्षय तृतीयेचा दिवस धरला आणि भर दुपारी, सगळं गाव जागं असताना, कुदळ आणि टोपली घेऊन ती तलावात उतरली. पाळेवर पाटील, तेव्हाचा पाणकर सुकऱ्या आणि अर्धा गाव उभा होता. तिनं पाळेपासून पन्नास पावलं मोजली, मोठ्यानं मोजली, सगळ्यांना ऐकू जातील अशी. तिथं पहिली कुदळ घातली. टोपली भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि टोपली उचलली. पाटलानं तिचं नाव एकदा घेतलं आणि म्हणाला, हे नाव गावानं टाकलं. ते नाव कुणी घेण्याची ती शेवटची वेळ.

मृग लागेपर्यंत ती गाळ वाहत होती. मघाशी तुम्ही त्या पळसांपासून या पाळेपर्यंत चालून आलात, तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी वाटेत सावलीला बसून घेतलं. तेवढं अंतर ती डोक्यावर ओली माती घेऊन दिवसातून वीस-पंचवीस वेळा करायची. बांदीच्या कडेला पळसाच्या फांद्यांची झोपडी केली होती, तिथंच राहायची. वाटेत माणसं भेटायची आणि मान वळवून घ्यायची. कवडू रोज सकाळी पळसाखाली पाण्याची घागर ठेवून जायचा. बोलायचं नाही असं शपथेत होतं, घागर ठेवायची नाही असं नव्हतं. मला तिच्याबद्दल सगळ्यांत वाईट वाटतं ते याचं, की गाव वाईट नव्हतं. ज्यांच्याबरोबर धानाची रोवणी केली, गाणी म्हटली, त्याच बायका समोरून खाली बघत गेल्या, आणि त्यांनाही ते जड गेलं असणार.

त्या वर्षी पाऊस बरा सुरू झाला आणि हस्त पुन्हा कोरडा गेला. तिनं सगळा गाळ बांदीत पसरला होता, आणि वर हलकं धान, म्हणजे लवकर येणारं बियाणं लावलं होतं. सुकऱ्या हाका मारत मारत निघाला. आठव्या दिवशी अर्ध्या शिवारात पाणी संपलं. तिच्या बांदीपर्यंत तो पोचलाच नाही, पोचला असता तरी हाक मारणार नव्हता. खालच्या सगळ्या बांद्या फाटल्या. तिची मात्र भेगाळली नाही. गाळाची माती ओल धरून बसली आणि तेवढ्या ओलीवर धान पिकलं. कापायला कुणी आलं नाही. तिनं एकटीनं कापलं, एकटीनं भारे बांधले, एकटीनं झोडलं. ढोली करायला माती होती, पण ढोली तिनं केली नाही. ती माती बांदीची आहे म्हणाली. कुणाला म्हणाली, ते मला ठाऊक नाही, कारण ऐकायला तिथं कुणी नव्हतं. पण असंच सांगतात.

मग चैत्र आला. तलाव आटला, विहिरी तळाला गेल्या, गुरं हंबरत फिरू लागली. तलावाच्या पोटात तिनं खणलेला खड्डा होता, खळ्याएवढा आणि पुरुषभर खोल. त्यात पाणी होतं. गावातली सगळी गुरं तिथं उतरली. गुरांना शपथ माहीत नसते. ठगूबाई आपली म्हैस घेऊन पाळेवर आली होती. तिनं म्हशीला पाणी पिताना पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं, खाली शेपटाला काळ्या दिसणाऱ्या बांदीकडं पाहिलं आणि काही न बोलता घरी गेली. ठगूबाई काही न बोलता गेली, यावरूनच लोकांच्या ध्यानात यायला हवं होतं.

अक्षय तृतीयेला ती सून पुन्हा टोपली घेऊन तलावात उतरली. थोड्या वेळानं पाळेवरून ठगूबाई उतरली. हातात घरची टोपली, खांद्यावर कवडूची कुदळ. खड्ड्यापाशी जाऊन ती उभी राहिली, पण बोलली नाही. बोलता येत नव्हतं. सून समोर, दोन हातांवर, आणि शपथ मधे. ठगूबाईनं आधी कुदळ घातली, टोपली भरली आणि वाकून डोक्यावर घेतली. पाळेवरून पाटलाचा आवाज आला, ठगूबाईचं नाव गावानं टाकलं. तेव्हा म्हातारी सुनेकडं वळली.

"आता मी बी बिननावाची झालो," ती म्हणाली. "आता तं बोलशील? सांग, तुह्या माहेरी कुठून खोदतेत?"

माझी आई ही गोष्ट सांगताना इथं थांबायची. सून काय म्हणाली, ते ती कधी सांगत नसे. मीही सांगत नाही. वर्षभर जिच्याशी कुणी बोललं नव्हतं ती काय बोलली असेल, ते ज्याचं त्यानं समजावं. नंतर दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत नऊ टोपल्या वाहिल्या, एवढं नक्की सांगतात.

दुसऱ्या दिवशी कवडू उतरला. त्याच्या मागून खालच्या बांद्यांची तीन माणसं. पाटील पाळेवर उभा राहून एकेकाचं नाव टाकत होता. चौथ्या दिवशी नऊ जण आले, आठव्या दिवशी गाड्या आल्या. मृग लागेपर्यंत पाटलाचा घसा बसला. गावात तेव्हा बावन्न बांद्या होत्या, त्यांतल्या चाळिसांच्या धन्यांची नावं गेली होती. नाववाल्यांच्या बारा बांद्या आणि बिननाववाल्यांच्या चाळीस. लग्नाला कुणी कुणाला बोलवायचं आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही, हेच कळेना. बिननावाची माणसं एकमेकांशी भरपूर बोलत होती. नाववाले आपापल्या घरांत गप्प बसून होते.

तलाव पावसाळ्यात भरला, आणि या वेळी पोटातून भरला. हस्त आला, कोरडाच आला. सुकऱ्या मोरी उघडून पाटावर आला. पहिली बांदी पाटलाची. त्यानं हाक मारली, पाटील 'हो' म्हणाला, पाणी गेलं. मग पुढची, मग त्यापुढची. दिवस उतरायच्या आत बाराही बांद्या भरल्या. तलाव जवळजवळ काठोकाठ होता. सुकऱ्या पाटावर उभा राहिला. पुढं चाळीस बांद्या, प्रत्येकीच्या धुऱ्यावर माणसं, आणि हाक मारायला एक नाव नाही. धानाला लोंब धरत होती. चार दिवस पाणी मिळालं नाही तर गावातल्या पिकाचे चारांतले तीन वाटे गेले असते.

सुकऱ्यानं पाटलाकडं पाहिलं. तो म्हणाला, "पाटील, हाक कोनाले मारू गा?"

आडकू पाटील आपल्या धुऱ्यावरून उठून तलावाकडं गेला, काठाला वाकला आणि ओंजळभर गाळ घेऊन परत आला. तो त्यानं आपल्या बांदीच्या तोंडाशी टाकला. पाण्याचं तोंड त्या गाळानं बंद झालं.

"माह्यं बी नाव टाक," तो सुकऱ्याला म्हणाला. "आन् आता कोनाले हाक नको मारू. सोड पानी."

त्या वर्षी पाणी पहिल्यांदा हाकेविना गेलं. पाटाच्या दोन्ही कडांनी माणसं चालत होती. जिथं पाणी पोचेल तिथं जो असेल तो तोंड उघडत होता आणि भरलं की बंद करत होता. तलाव पुरला. शेपटाला पाणी पोचलं, तेव्हा तोंड ठगूबाईनं उघडलं.

पीक घरात आल्यावर सगळा गाव मोरीपाशी जमला. ओंजळीत धान घेऊन पाटलानं शपथ फिरवली. पोटातला गाळ काढायचा, पाळेपासून पन्नास पावलं सोडून काढायचा, आणि काढलेला बांदीतच टाकायचा. टेकडीच्या माथ्यावर कुदळ लावायची नाही. टाकलेली नावं ज्याची त्याला परत. सुकऱ्यानं एकेक नाव हाक मारून परत दिलं आणि ज्याचं त्यानं 'हो' म्हणून घेतलं. ठगूबाईनं 'हो' इतक्या मोठ्यानं म्हटलं म्हणे, की लोक हसले. शेवटी कवडूच्या बायकोची पाळी आली. सुकऱ्यानं तोंड उघडलं, आणि तिनं हात वर केला.

"माह्यं नको देऊ," ती म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, रुसली. रुसायचा तिला हक्कही होता. पाटील पुढं झाला. "चुकलं आमचं, बाई," तो म्हणाला. "घे नाव."

"चुकलं नाई, पाटील. शपथ खरी होती." ती खाली बघून बोलत होती, पण ऐकू सगळ्यांना जात होतं. "भिवाची शपथ मोडली आन् कोनाचंच काई गेलं नाई, असं झालं तं उद्या पोरं म्हनतीन, शपथेत काई नसते. मंग पाळेले बी कुदळ लागन. पाळ राहाची असन तं एकाचं तरी नाव गेलं पायजे. मी पयली होतो. माह्यं जाऊ द्या."

कवडूनं हात जोडले, ठगूबाई रडली, तिनं शिव्याही दिल्या. पण सुनेनं ऐकलं नाही. खरं सांगू, हे मला फार दिवस पटत नव्हतं. पाणकर झाल्यावर पटलं. लोकांना बोलून पाळ राखता येत नाही. पाळेसाठी कुणी काहीतरी सोडलेलं आहे, हे त्यांना माहीत असावं लागतं.

पुढं ती त्याच बांदीवर राहिली. लोक बोलायचे, जायचे, यायचे, कवडूही तिथंच राहायला गेला. पण नावानं तिला कुणी हाक मारली नाही. बांदी कुणाला दिली नाही तिनं. तिचं धान गाळाच्या दिवशी तलावात उतरणाऱ्यांसाठी शिजवायचं, एवढं सांगून गेली. तिला सगळ्या गावानं खांदा दिला, आणि तेव्हापासून पहिलं पाणी तिच्या बांदीला जातं.

नाव काय होतं, हे तुम्ही विचारणार. सगळे विचारतात. एका तलाठ्यानं तर माझ्याशी भांडण केलं होतं, सातबाऱ्यावर काहीतरी नाव लागतंच म्हणून. शेवटी त्यानं गावाचं नाव लावलं. आम्हाला खरंच माहीत नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते पोरांना सांगितलं नाही, आणि ती माणसं गेली. माझ्या नातीनं एकदा विचारलं, आजोबा, आपण एखादं चांगलं नाव ठेवू या का तिला? मी म्हटलं, ठेवायला हरकत नाही, पण ते तिचं नसेल.

आजही अक्षय तृतीयेला गाव तलावात उतरतं. पन्नास पावलं मोठ्यानं मोजली जातात, ती घरोघरची थोरली सून मोजते. पहिली टोपली शेपटाच्या बांदीत पडते. तलावाच्या पोटात असेपर्यंत कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. पाटील असो, सरपंच असो, 'ए, इकडं ये' एवढंच. दुपारी त्याच बांदीच्या धानाचा भात असतो. आणि पोळ्याचे मातीचे बैल करायलासुद्धा पाळेची चिमूटभर माती आम्ही घेत नाही.

आणि हस्तात, पावसानं पाठ फिरवली की मी पाटानं खाली जातो. सगळी तोंडं बंद असतात. पाणी माझ्या पायांबरोबर शेपटापर्यंत येतं. मी त्या बांदीच्या तोंडाशी उभा राहतो आणि गप्प राहतो, एखादं नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ. मग वरच्या धुऱ्यांवरून, शंभरावर बांद्यांवरून, बायका-पुरुष सगळे एकदम 'हो' म्हणतात. मी खाली वाकतो आणि तोंड उघडतो.